मॉडेल आन्सरमध्ये नाही

आमच्या वारज्याच्या सोसायटीत एक गृहस्थ राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. दर एप्रिलमध्ये ते मला जिन्यात गाठायचे आणि म्हणायचे, "मजा आहे बुवा प्राध्यापकांची! दोन महिने पगारी सुट्टी." मी निवृत्त झालो तरी त्यांचं थांबलेलं नाही, फक्त आता ते "मजा होती" असं म्हणतात. या माणसाला एकदा हाताला धरून मे महिन्याच्या भर दुपारी आमच्या पेपर तपासणीच्या हॉलमध्ये नेऊन बसवावं, पुढ्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आदळावा आणि म्हणावं, घ्या, करा मजा! पण ते राहूनच गेलं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला "नोकरीतले अनुभव लिहा, पण रटाळ नको" अशी आज्ञा केली आहे. म्हणजे नोकरीला कधी लागलो, कायम कधी झालो, विभागप्रमुख कसा झालो, हे सगळं बाद. बरंच झालं, कारण त्यात माझ्या बायकोलाही कधी रस वाटला नाही. सांगण्यासारखं जे आहे ते त्या हॉलमधलं आहे, आणि ते आठवलं की माझं डोकं अजून तापतं. डॉक्टरांनी तापवू नका म्हटलं आहे. पण दिवाळी वर्षातून एकदाच येते.

पूर्वी विद्यापीठाचे पेपर तपासायला घरी यायचे. पलंगावर पसरायचे, चहा प्यायचा, तपासायचे. चहाचे डाग पडायचे, एखादी उत्तरपत्रिका गाद्यांच्या खाली जायची. मग विद्यापीठाने ठरवलं की हे बंद. सगळ्या कॉलेजांतल्या मास्तरांनी एका जागी यायचं, एका हॉलमध्ये बसायचं आणि मिळून तपासायचं. याला म्हणतात कॅप. पुण्यातले, नगरकडचे, नाशिककडचे, सगळे एका छताखाली. कोणाच्या पुढ्यात कोणत्या कॉलेजचा गठ्ठा येईल ते कोणालाच माहीत नाही. पोरांच्या नंबरावर स्टिकर लावलेलं. आपल्या कॉलेजचे पेपर आहेत असं कोणी ओळखलं, तर त्याने मुकाट्याने सांगायचं आणि त्या गठ्ठ्यापासून लांब व्हायचं. त्यावर तोंडसुद्धा उघडायचं नाही. कागदावर योजना इतकी सुंदर, की ती माणसांनीच राबवायची आहे हे आखणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं.

या हॉलमध्ये दोन रंगांची पेनं चालतात. लाल पेन परीक्षकाचं, तो पहिल्यांदा तपासतो. हिरवं पेन मॉडरेटरचं. मॉडरेटर म्हणजे परीक्षकाने तपासलेल्यांतले काही पेपर पुन्हा तपासून बघणारा माणूस. दोघांचं जुळलं तर ठीक. नाही जुळलं, तर दोघांनी चर्चा करावी असं नियमात लिहिलं आहे. प्रत्यक्षात परीक्षक म्हणतो, "तुम्हाला जास्त कळतं तर तुम्हीच तपासा." मी कित्येक वर्षं हिरव्या पेनाचा माणूस होतो. माझ्याइतके अपमान फारतर मीटर रीडिंग घेणाऱ्याचे होत असतील.

आणि या सगळ्याच्या वर एक दैवत असतं. मॉडेल आन्सर. पहिल्या दिवशी सकाळी सगळे जमतात, चेअरमन एक कागद वाचून दाखवतात. कुठल्या प्रश्नाचं काय उत्तर अपेक्षित, कुठल्या पायरीला किती मार्क, ते सगळं त्यात. त्यावर सगळ्यांनी चर्चा करून एकमत करायचं. निरनिराळ्या कॉलेजांत निरनिराळं शिकवलं जातं, म्हणून बरोबर काय आणि चूक काय ते आधी मिळून ठरवायचं, असा हेतू. मे महिना, पंखे गरम हवा ढवळतायत, बाहेरगावच्या मंडळींना काम आटोपून मंडईत आंबे बघायचेत. हॉलमध्ये बाकाबाकाखाली गवत भरलेल्या पेट्या. पेपरांच्या धुळीपेक्षा हापूसचा वास जास्त. अशात चेअरमन विचारतात, "कोणाला काही शंका?" जो शंका विचारेल त्याच्याकडे सगळा हॉल असा बघतो, की पुढच्या वर्षी तो शंका घरी ठेवून येतो. एकमत होतं. दरवर्षी होतं.

आता मी या कॉम्प्युटरच्या भानगडीत कसा पडलो ते सांगायला हवं. मी मूळचा गणिताचा. देशाचे दरवाजे उघडले म्हणतात तो काळ. कॉलेजमागून कॉलेज कॉम्प्युटर सायन्सचा वर्ग काढत होतं, कारण पोरं त्यालाच येत होती. शिकवायला माणूस कुठून आणायचा? ज्याला कॉम्प्युटर येत होता तो कंपनीत गेला होता, नाहीतर अमेरिकेत. आमच्या प्राचार्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "पटवर्धन, तुमचं गणित आहे ना? मग कॉम्प्युटर तुम्हीच घ्या." वा! याच न्यायाने उद्या संस्कृतच्या बाईंना फ्रेंच द्या, दोन्ही भाषाच आहेत. उन्हाळ्यात काही आठवड्यांचा एक कोर्स केला आणि जूनमध्ये मी कॉम्प्युटरचा प्राध्यापक झालो. सुदैवाने मला तो आवडला. आवडला म्हणून मी खरंच शिकलो. सगळ्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. बरेच जण आदल्या दिवशी वाचून दुसऱ्या दिवशी शिकवायचे, आणि वाचायचे काय, तर पिवळं गाईड.

पिवळं गाईड म्हणजे अप्पा बळवंत चौकात गठ्ठ्याने मिळणारं एक पुस्तक. पिवळं कव्हर म्हणून पिवळं गाईड. लेखक कोण ते कोणी पाहिलं नाही. पोरं ते पाठ करायची, मास्तर त्यातून शिकवायचे, पेपर काढणारे त्यातून प्रश्न काढायचे. मला नंतर कळलं, की मॉडेल आन्सरही त्यातूनच उतरायचं. म्हणजे परीक्षा पोरांची होती की गाईडची, हा प्रश्नच होता.

त्यात परीक्षा कशी? प्रोग्रॅम पेनने कागदावर लिहायचा! मशीनला कोणी हात लावायचा नाही. पोराने लिहायचा, मास्तराने वाचायचा आणि ठरवायचं, हा चालेल की नाही. स्वयंपाकाच्या परीक्षेत नुसती कृती लिहून घ्यावी आणि घास न खाता मार्क द्यावेत, तसला प्रकार. आमच्या शेजारच्या टेबलावरचे एक परीक्षक प्रोग्रॅमभोवती पट्टीने चौकट आखली नसेल तर अर्धा मार्क कापायचे. मी म्हटलं, "अहो, मशीनला चौकट लागत नाही." तर म्हणाले, "मला लागते." एक बाई होत्या, त्या उत्तर किती पानं आहे ते आधी बघायच्या. कमी पानांत प्रोग्रॅम बसवणारा पोरगा हुशार असतो, हे त्यांना पटवता पटवता मी थकलो. माझं म्हणणं त्या अगदी शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि कमी मार्क द्यायच्या.

तर त्या वर्षीची गोष्ट. हिंजवडीकडे कंपन्या जागा घेत होत्या आणि कॉलेजांत येऊन पोरं उचलून नेत होत्या. अट एकच, कुठल्याही विषयात नापास नसावा. एक विषय राहिला की दार बंद. आणि आमच्या त्या पेपरात एक मोठा सक्तीचा प्रश्न होता. काही आकडे दिले आहेत, ते लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावणारा प्रोग्रॅम लिहा, आणि मग त्या लावलेल्या आकड्यांवर पुढची दोन कामं करा. पहिला भाग गेला की पुढचंही सगळं गेलं, आणि तो प्रश्न गेला की पास होणं मुश्कील.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी माझ्यापुढे एक गठ्ठा आला. परीक्षक जगताप. हे नगरकडचे, स्वभावाने गरीब, कामाला वाघ. उघडून बघतो तो त्या प्रश्नाला पहिल्या पेपरात शून्य. दुसऱ्यात शून्य. तिसऱ्यात शून्य. अख्ख्या गठ्ठ्यात शून्यांची माळ. मी उत्तर वाचायला लागलो आणि ताठ बसलो. पोरांनी आकडे पत्त्यांसारखे लावले होते. आपण मेंढीकोट खेळताना काय करतो? हातातले पत्ते आधीच लावलेले असतात, नवीन पत्ता आला की मोठे पत्ते जरा सरकवतो आणि हा मधे खुपसतो. तसंच. छोटासा, नेटका प्रोग्रॅम. प्रत्येकाने आपापल्या परीने लिहिलेला, म्हणजे नकलेचा प्रश्न नाही. हे पोरांना कोणीतरी मनापासून शिकवलं होतं.

"जगताप सर, हे शून्य का?"

"दोन आकड्यांच्या अदलाबदलीची पायरीच नाही ना सर यात. तिला मार्क आहेत."

"अहो, पण या पद्धतीत ती लागतच नाही. आकडे लागतायत की!"

"लागत असतील. मॉडेल आन्सरमध्ये नाही."

मी डोक्याला हात लावला. त्यांचं चुकत नव्हतं हेच वाईट होतं. सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या कागदाबाहेर जायचं नाही, अशी त्यांना सक्त ताकीद होती, आणि हा माणूस ताकीद पाळणारा.

चहाच्या वेळी व्हरांड्यात वानखेडे मॅडम माझ्याजवळ आल्या. या मूळच्या यवतमाळच्या, वाघोलीच्या एका नव्या कॉलेजात शिकवायच्या, दरवर्षी नेमणुकीची नवीन ऑर्डर निघेल या भरवशावर. वयाने माझ्या मुलीएवढ्या. जगतापांच्या मागच्याच टेबलावर त्यांची जागा होती. त्यांच्या हातातला चहा तसाच होता.

"सर, जगताप सरांकडचा गठ्ठा तुमच्याकडे आला ना?"

"का हो?"

"मी असंच शिकवते, सर. पत्त्यांसारखं. माझ्याच पोरांचे पेपर आहेत ते. जाता येता दिसले मला. सगळ्यांना शून्य देऊन राहिले ते."

"मग बोला की चेअरमनशी!"

"कशी बोलू? ओळखले म्हटलं की मला हॉलबाहेर काढतील. वर म्हणतील, आपल्या पोरांसाठी भांडते." त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "निकाल असा लागला तर माझी ऑर्डर गेलीच, ते जाऊ द्या. पण नऊ-दहा पोरं कंपनीच्या मुलाखतीत निवडली गेलीत, सर. त्यांच्या घरून पहिल्यांदा कोणी नोकरीला चाललंय. चुकीचं लिहून नापास झाली असती तर मी काही म्हटलं नसतं."

मी म्हटलं, "तुम्ही मला काही सांगितलेलं नाही. मी तो गठ्ठा माझ्या मनानेच धरून ठेवला आहे." आणि चेअरमनकडे गेलो.

आमचे चेअरमन सबनीस. माणूस सज्जन, बोलायला गोड, आणि कोणताही निर्णय घेताना असा कासावीस व्हायचा की बघणाऱ्याला दया यावी. माझं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पटवर्धन, तुमचं बरोबर असेलही. पण आपण परवा एकमताने ठरवलं. तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"तेव्हा कोणी असं उत्तर लिहील हे कसं कळणार?"

"तेच तर! जे मॉडेल आन्सरमध्ये आहे ते बरोबर आहे हे आपल्याला माहीत आहे. हे दुसरं बरोबर आहे हे कोणी ठरवायचं?"

"मशीनने!" मी जवळजवळ ओरडलोच. "दोन्ही मशीनवर टाकू. चालेल ते बरोबर. अहो, कॉम्प्युटरचा विषय आहे हा, कीर्तन नव्हे!"

आता ऐका. त्याच इमारतीत, दोन मजले वर, कॉम्प्युटरची लॅब होती. आम्ही इतकी वर्षं खाली बसून प्रोग्रॅम तपासत होतो आणि एकालाही वर जावंसं वाटलं नव्हतं. लॅब कुलूपबंद. सुट्टीत धूळ बसू नये म्हणून सगळ्या मशीनना चादरी पांघरलेल्या. दाराबाहेर चपला काढायच्या. सबनीस म्हणाले, "सुट्टीत उघडायची परवानगी..." मी म्हटलं, "मी बॉम्ब ठेवणार नाही, सर." शेवटी मी, सबनीस आणि जगताप अनवाणी आत गेलो. जगतापांना मी मुद्दाम घेतलं. एसी बिघडलेला. मी घामाने भिजत आधी पोरांचा प्रोग्रॅम टाकला. आकडे दिले. पडद्यावर क्रमाने आले, शाळेच्या प्रार्थनेला पोरं उंचीप्रमाणे उभी राहावीत तसे.

"बघा," मी म्हटलं.

सबनीस म्हणाले, "ठीक आहे, हेही चालतं. पण म्हणून आपलं..."

"आपलंही टाकतो," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मी ते केवळ तोंडावर फेकायला टाकलं. दोन्ही पद्धती चालतात, मार्क दोघांना द्या, एवढंच मला सिद्ध करायचं होतं. मॉडेल आन्सर शब्दाला शब्द टाकलं. तेच आकडे दिले. आणि आम्ही तिघेही पडद्याकडे वाकलो. दिलेल्यांपैकी काही आकडे गायब, आणि त्यांच्या जागी कोणीही न दिलेले भलतेच आकडे.

"मशीन बिघडलंय," सबनीस म्हणाले.

दुसऱ्या मशीनवरची चादर काढली. तेच. तिसऱ्यावर जगतापांनी स्वतः टाकलं, एकेका बोटाने. तेच!

घोटाळा काय होता ते सांगतो, अवघड नाही. घरात दोन बरण्या आहेत, एकीत लोणचं, दुसरीत मुरांबा. यातलं त्यात आणि त्यातलं यात करायचं आहे. काय करावं लागेल? तिसरी रिकामी बरणी घ्यायची, आधी लोणचं तिच्यात काढून ठेवायचं, मग मुरांबा लोणच्याच्या बरणीत, मग तिसरीतलं लोणचं मुरांब्याच्या बरणीत. मॉडेल आन्सरमध्ये अदलाबदलीच्या तीन ओळींतली पहिली ओळच नव्हती. म्हणजे लोणचं काढून ठेवलंच नाही, त्याच्यावरच मुरांबा ओतला, आणि मग तिसऱ्या बरणीत जी काय धूळ-माती होती ती दुसरीत भरली. पिवळ्या गाईडात छापताना ती ओळ गळाली होती. कधी, देव जाणे. गाईडवरून मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, पोरांनी वहीत उतरवलं, पाठ केलं, पेपरात लिहिलं, आणि मॉडेल आन्सरच्या बैठकीत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या हॉलभर माणसांनी माना डोलावून त्याला बरोबर ठरवलं. मीही तिथेच बसलो होतो. कागद वाचून दाखवत होते, ओळखीचा वाटला, पुढे गेला.

चुकलेल्या उत्तराला पूर्ण मार्क आणि चालणाऱ्याला शून्य! आणि तेही कोणाच्या लहरीने नाही, तर सर्वानुमते.

जगतापांनी मशीनवर चादर परत पांघरली. मग म्हणाले, "सर, मी हे चार वर्षं शिकवतोय." या माणसाचं मला तेव्हा फार वाईट वाटलं.

दुपारी सबनीसांनी सगळ्यांना गोळा केलं. मला वाटत होतं, आता सगळे ओशाळतील. कसलं काय! मी फळ्यावर तिन्ही ओळी लिहून दाखवल्या, बरण्यांचं सांगितलं, काही जण हसले. आणि मग जो गोंधळ सुरू झाला तो शिकवण्याबद्दल नव्हताच. "म्हणजे आत्तापर्यंत तपासलेले सगळे परत तपासायचे?" "आमचं रिझर्वेशन आहे!" "एवढंसं तर आहे, एक ओळ!" चौकटवाले म्हणाले, "ओळ नसेल, पण मांडणी व्यवस्थित आहे." एकाने तर मलाच विचारलं, "तुम्हाला मशीनवर टाकायला कोणी सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "निदान चुकीच्याला पूर्ण मार्क देऊ नका. त्या पायरीचे कापा."

तेव्हा सबनीस पहिल्यांदाच ठाम बोलले. "पटवर्धन, कापले तर अर्धं विद्यापीठ खाली येईल. पोरांनी काय पाप केलं? आपण शिकवलं तेच लिहिलं त्यांनी. शिक्षा द्यायची तर या हॉलला द्यायला हवी."

हे खरं होतं. बोलून चालून पोरांचा दोष नव्हता. आणि मी त्या एका मुद्द्यावर हटून बसलो असतो, तर सबनीस पुन्हा कासावीस होऊन मूळ कागदावर गेले असते आणि वाघोलीची शून्यं तशीच राहिली असती. मागच्या रांगेत वानखेडे मॅडम मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांना बोलायची सोय नव्हती, आणि त्यांच्या पोरांचं सगळं या अर्ध्या तासात ठरत होतं. मी मार्क कापायचा मुद्दा सोडून दिला. ठराव झाला, दोन्ही उत्तरं ग्राह्य, दोन्हींना पूर्ण मार्क. एकमताने! टाळ्या तेवढ्या वाजायच्या राहिल्या. एक जण जाता जाता माझी पाठ थोपटून म्हणाला, "कोणाचंच नुकसान झालं नाही, बघा."

जगतापांनी तो गठ्ठा माझ्याकडून मागून घेतला आणि एकेक शून्य खोडून, शेजारी सही करून मार्क भरले. कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी आपले आधीचे सगळे गठ्ठेही उपसून बघितले. ते शेवटपर्यंत थांबले आणि आंबे न घेताच गावी गेले. पिवळ्या गाईडाच्या प्रकाशकाला मी एक खरमरीत पत्र लिहिलं. उत्तर आलं, "आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत," आणि सोबत गाईडाची एक प्रत भेट. ती ओळ त्यातही नव्हती.

वानखेडे मॅडम फाटकापाशी भेटल्या. मला वाटलं, खूश असतील. मी स्वतः खूश होतो, आतल्या आत जरा फुगलोही होतो. त्यांनी आभार मानले, अगदी मनापासून. मग म्हणाल्या, "पण सर, दोघांनाही सारखेच?"

"तुमची पोरं वाचली ना? तेवढं पुरे समजा," मी म्हटलं. हे मी जरा चिडूनच बोललो. दिवसभर भांडून घसा बसला होता आणि मला आणखी कोणाचं बरोबर असलेलं ऐकायची ताकद नव्हती.

निकाल लागला. वाघोलीच्या पोरांचा निकाल इतरांसारखाच, ना कमी ना जास्त. निवडलेली पोरं कंपन्यांत गेली. मॅडमना पुढच्या वर्षाची ऑर्डर मिळाली, हे त्यांनी मला फोन करून सांगितलं. त्या दिवशी मी घरी श्रीखंड आणलं. कशाचं म्हणून बायकोने विचारलं, तर मला नीट सांगता येईना.

पुढच्या मे महिन्यात पुन्हा तोच हॉल. मॉडेल आन्सर वाचून झालं. तसलाच प्रश्न पुन्हा आला होता आणि सबनीसांनी "गेल्या वर्षीप्रमाणे दोन्ही पद्धती ग्राह्य" असं सांगितलं. मी लॅबची किल्ली आधीच मागून ठेवली होती, या वेळी तयारीत होतो. ती गळालेली ओळ कागदावर घालून घेतली, पण ती नसली तरी मार्क कापायचे नाहीत हेही गेल्या वर्षीप्रमाणेच ठरलं. मग म्हटलं, आता येऊ द्या पत्तेवाले पेपर, यंदा कोण अडवतो ते बघतो. गठ्ठ्यांमागून गठ्ठे आले. माझ्या टेबलावर नाहीत म्हणून इतरांच्या टेबलांवरही डोकावलो. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. सगळीकडे तेच पिवळं गाईड, ती एक ओळ नसलेलं.

शेवटी मी वानखेडे मॅडमना चहाच्या वेळी गाठलं. "अहो, तुमच्या पोरांचे पेपर गेले कुठे? पत्ते कुठे दिसेनात ते?"

"दिसणार नाहीत सर. यंदा गाईडमधलंच लिहा म्हणून मीच सांगितलं."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. "अहो, पण ते चुकीचं आहे! तुम्हाला माहीत आहे!"

"पोरांनाही माहीत आहे, सर. आधी सगळ्यांना मशीनवर बसवलं, गाईडमधलं टाकायला लावलं, कुठे चुकतं ते त्यांच्याकडूनच काढून घेतलं. मग ती ओळ नसलेलंच पाठ करून घेतलं."

मी तोंडाला येईल ते बोललो. तुम्ही असं करावं? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. एवढं भांडलो ते कशासाठी? निदान ती एक ओळ तरी घालायला सांगायची! व्हरांड्यातली माणसं बघायला लागली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. कप ठेवला आणि म्हणाल्या, "सर, ती ओळ घातली आणि कागदावर नसली, तर कापणारा कोणीतरी असतोच. गेल्या वर्षी माझ्या पोरांचा गठ्ठा तुमच्या टेबलावर आला. दरवर्षी तुमच्याच टेबलावर येईल, असं लिहून देता का मला?"

घंटा झाली. मी आत जाऊन बसलो, हिरव्या पेनाचं टोपण काढलं आणि पुढ्यातल्या पहिल्याच चुकलेल्या उत्तराला, ठरल्याप्रमाणे, पूर्ण मार्क कायम केले.